बांधावरचं रान

"मॅडम, हिरीत हरीण पडलंय. जित्तं हाय अजून. या की लवकर."

उन्हाळ्यात पहाटे असा फोन आला, की मी आधी दोर बघते, मग बूट. दोराचं वेटोळं, ताडपत्रीची झोळी, जुनं जाड जाळं आणि दोन सुती टॉवेल एवढं सामान चैत्रापासून मृगापर्यंत गाडीच्या मागच्या पिशवीत भरलेलंच असतं. वनरक्षक म्हणून लातूर जिल्ह्यात मला दहा वर्षं झाली, त्याआधी सहा वर्षं नांदेड जिल्ह्यात किनवटला होते. जंगलात असताना विहिरीतून जनावर काढायची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती. इथं मात्र उन्हाळ्यात ते माझं मुख्य काम होऊन बसतं.

ती विहीर रेणापूर तालुक्यातली. पन्नास फूट खोल, निम्म्यापर्यंत दगडी बांधकाम, कठडा नाही. काठाला वेड्या बाभळीचं झुडूप असं पसरलेलं, की पळत आलेल्या जनावराला पुढं जमीन संपते हे कळायची सोयच नव्हती. रात्री गावातली कुत्री मागं लागली असणार. खाली कमरेएवढ्या पाण्यात एक तरुण काळवीट भिंतीला अंग घासत उभं होतं. पाठ अजून काळी पडायची होती, रंग तपकिरीच, शिंगांना जेमतेम दीड पीळ. दर थोड्या वेळानं ते भिंतीवर उडी घ्यायचं आणि परत पाण्यात पडायचं.

वर शे-सव्वाशे माणूस जमलेलं. अशा वेळी पहिलं काम हरणाचं नसतं, माणसांचं असतं. मी सरपंचांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, चार माणसं ठेवा, बाकीच्यांना लिंबाखाली पाठवा आणि कुणी शिट्टी मारणार नाही याचा जिम्मा तुम्ही घ्या. त्यांनी तो घेतला. दोन पोरं दोर कमरेला बांधून उतरली. एकानं मागून जाळं टाकलं, दुसऱ्यानं शिंगं धरून डोळ्यांवर टॉवेल बांधला. डोळे झाकले की हरीण निम्मं शांत होतं. झोळीत त्याला कुशीवर आडवं टाकायचं नसतं. रवंथ करणारं जनावर आडवं पडलं तर पोट फुगतं, म्हणून पाय दुमडून छातीवर बसतं ठेवायचं. वर आलं तेव्हा त्याच्या फासळ्यांवर मी हात ठेवला. आतली धडधड इतकी भरभर होती, की ठोके वेगळे मोजता येईनात, एकच थरथर लागत होती. पाय सोडले, शेवटी टॉवेल ओढला, सगळे मागं सरलो. ते दोन क्षण तसंच बसून राहिलं. मग उठलं आणि तीन उड्यांत पलीकडच्या माळावर.

सोडायची ही घाई मी एका मेलेल्या हरणाकडून शिकले. लातूरला आले त्या पहिल्या वर्षी अशीच एक मादी आम्ही सुखरूप बाहेर काढली. गावकऱ्यांना आनंद झाला, मलाही झाला. फोटो काढू द्या म्हणाले, मी हो म्हटलं. दहा मिनिटं गेली असतील. लेकरं येऊन हात लावून गेली. तिला सोडलं, ती वीस पावलं चालली, खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. अंगावर जखम नव्हती. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, की भीतीनं आणि धडपडीनं या जनावरांच्या स्नायूंची आतल्या आत नासाडी होते आणि काळीज बंद पडतं. ती मेली ती विहिरीमुळं नव्हे, माझ्या त्या दहा मिनिटांमुळं. तेव्हापासून माझ्यासमोर जिवंत जनावरासोबत कुणी फोटो काढलेला नाही.

किनवटला मी 2009 साली रुजू झाले. औसा तालुक्यातल्या काळ्या रानात वाढलेली मुलगी मी. सागाचं जंगल पहिल्यांदा आतून पाहिलं तेव्हा नजर ठरली ती पानांवर. सुपाएवढी एकेक पानं, आणि माघ-फाल्गुनात ती गळाली की पायाखाली असा आवाज, की चोरपावलांनी चालणं कुणालाच शक्य नाही, ना लाकूडचोराला ना आम्हाला. माझ्या बीटात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या होत्या. पलीकडं पैनगंगा. पावसाळ्यात ती सहस्रकुंडला कातळावरून कोसळते, तेव्हा अलीकडच्या, नांदेडच्या काठावर उभं राहिलं तरी पलीकडचा यवतमाळचा काठ तुषारांत दिसेनासा होतो.

तिथला माझा खरा शत्रू वणवा. हिवाळा सरता सरता जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला पाला आपणच देखरेखीत जाळून ठेवायचा, म्हणजे पुढं लागलेली आग तिथं येऊन थांबते. पण मोहाची फुलं पडायला लागली, की वस्तीवरची माणसं झाडाखालचा पाला पेटवायची, मोकळ्या जमिनीवर फूल चटकन दिसावं म्हणून. ती आग कधी हातात राहायची, कधी नाही. पहिली दोन वर्षं मी दरडावत फिरले. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पाला रात्री पेटायला लागला.

एका कोलाम मावशीनं मला वेगळी वाट दाखवली. ती पेटवायची नाही. खराट्यानं झाडाखालचं अंगण करायची, रोज पहाटे, आपल्या दारापुढं सडा टाकावा तितक्या मनापासून. "जाळलं की पुढल्या साली रोपटं कुठून येणार?" एवढंच म्हणाली. मी तिला इतर वस्त्यांवर घेऊन गेले. ती बोलली, मी गप्प बसले. सगळ्यांनी पाला पेटवणं सोडलं असं नाही, पण माझ्या बीटातल्या बऱ्याच झाडांखाली खराटा आला.

अस्वलाचंही तिनंच शिकवलं. मोहफुलांवर अस्वल आणि माणूस दोघांचाही डोळा, आणि दोघांची वेळ एकच, पहाटेची. अस्वलाची नजर अधू, खाण्यात रमलं की कानही नसल्यासारखे. अचानक जवळ गेलं की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून ती टोपली घेऊन निघाली की मोठ्यानं बोलत जायची. सोबत कुणी नसलं तरी बोलायची, सुनेचं, भावाचं, भावाच्या बैलाचं. "आपण येतोय हे त्याला आधी कळू दे. मग त्याची तो जातो." गस्तीवर मीही तसंच करायला लागले. सहा वर्षांत अस्वल खूपदा दिसलं, दर वेळी जाताना.

2015 च्या पावसाळ्यात लातूरला बदली झाली. आनंद व्हायला हवा होता, घर जवळ आलं होतं. पण लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. राष्ट्रीय वनधोरणानं 1988 साली तेहेतीस टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, तिथं ही गत. उदगीरजवळचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट, अहमदपूर-जळकोटकडचे बालाघाटचे डोंगर असे तुकडे तुकडे. बाकी सगळी काळी माती, सोयाबीन, तूर, ऊस. किनवटचे सहकारी म्हणाले, आता आराम आहे तुला, राखायला तिथं आहेच काय?

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्यानं फोनवर विचारलं, "तुमची हरणं मपलं सोयाबीन खाऊन गेली, आता काय करायचं बोला." तुमची हरणं. हा शब्द मी नंतर शेकडो वेळा ऐकला. तुमची डुकरं, तुमचे रोही, तुमचा साप. (नीलगाईला आमच्याकडं रोहीच म्हणतात. नावात गाय नसल्यानं तिच्याबद्दल वेगळी भीडही कुणाला वाटत नाही.) किनवटला जंगल सरकारचं होतं आणि माणसं त्यात जायची. इथं सगळं उलट होतं. जनावरं शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर जन्मत होती, तिथंच चरत होती आणि तिथंच मरत होती. माझ्या खात्याची जमीन त्यांना पुरणारी नव्हतीच. मग ती राहतात कुठं? दोन शेतांमधल्या बांधावर, ज्याला नांदेडकडं धुरा म्हणतात. ओढ्याच्या काठच्या बोरी-बाभळीत. गायरानात, आणि ज्याची मुलं पुण्याला गेलीत त्याच्या पडीक जमिनीत. हे मला नकाशावरून कळलं नाही, पायी फिरून कळलं. त्यात एका पारधी आजोबांची मोठी मदत झाली. ते माळावर उभे राहून तित्तराला साद घालायचे आणि झुडपातून उत्तर यायचं. कुठं उत्तर येतं आणि कुठं यायचं बंद झालंय, हे त्यांना गावागणिक पाठ होतं. बांध जेसीबीनं कोरून शेतात घेतला, की पुढल्या वर्षी तिथलं तित्तर गेलेलं असायचं.

आल्या आल्या दुष्काळ बघितला. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं ठाक होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. देशभरच्या वर्तमानपत्रांत ते फोटो आले. त्याच दिवसांत माळावर काय चाललं होतं त्याचा फोटो कुणी काढला नाही. मोर भरदुपारी वस्तीत येऊन रांजणाजवळ उभे राहायचे. कोल्हा हापशाखालचा चिखल चाटताना मी स्वतः पाहिला. काळविटं रात्री आखाड्यावर बैलांच्या पाण्यापर्यंत यायची, आणि डोण रिकामी असेल तर विहिरीच्या वासानं काठावर जायची. त्या उन्हाळ्यात विहिरीतून किती काढली ते माझ्या वहीत आहे. मेलेली जास्त आहेत.

आम्ही पाणवठे केले. बशीसारखे उथळ, सगळ्या बाजूंनी उतार, मधे दोन-तीन धोंडे ठेवलेले, म्हणजे खार किंवा मधमाशी पडली तर चढून बसेल. पण त्यात ओतायचं काय? माणसांना आठ-दहा दिवसांनी पाणी मिळत असताना हरणांसाठी टँकर मागायला जीभ रेटत नव्हती. एका गावात मी पाणवठ्याजवळ नुसती बसून होते. एक आबा आले. त्यांच्या बोअरला दिवसाकाठी तासभर पाणी यायचं. त्यावर दोन म्हशी, एक बैलजोडी आणि नऊ माणसांचं घर. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाइपाचं तोंड रोज थोडा वेळ पाणवठ्यात सोडलं. मी म्हटलं, आबा, तुमच्या घराचं कसं? ते म्हणाले, "भागवू. ती तरी कुणाकडं जातील? आपलीच की."

त्याच आबांनी मागल्या खरिपात हरणांनी कोंब खाल्ले म्हणून मला रस्त्यात अडवून झाडलं होतं. मी त्यांना ती आठवण करून दिली नाही. पीक खाल्ल्याचा राग आणि तहानेची कीव एकाच माणसात सुखानं नांदू शकते, आणि या जिल्ह्यात वन्यजीव टिकलाय तो या दुसऱ्या गोष्टीच्या जिवावर, हे मला त्या पाणवठ्यावर उमगलं.

पाऊस येतो तेव्हा आधी पावशा येतो. पहाटेपासून त्याचं 'पेरते व्हा' सुरू झालं, की माझ्या कामाचा मोसम बदलतो. विहिरीचे फोन थांबतात, सापांचे सुरू होतात. घोणस, मण्यार, नाग. ते काम गावोगावचे सर्पमित्र माझ्यापेक्षा चांगलं करतात, मी फक्त बरण्यांतली प्रदर्शनं आणि गळ्यात नाग घालणं बंद करायला सांगत फिरते.

पेरणीच्या आधीच्या पाळीला टिटवीची अंडी हमखास सापडतात. उघड्या ढेकळांत चार अंडी, टोकं आत करून मांडलेली, रंग मातीसारखाच. आपण त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो आणि दिसत नाहीत. टिटवी मात्र डोक्यावर घिरट्या घालून आकांत करते. आमच्याकडं टिटवीचं ओरडणं अशुभ, पण तिची अंडी मोडणंही पाप. उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असंही जुनी माणसं सांगतात. जुना कुळव हाकणारा माणूस अंड्यांपाशी आला की कुळव उचलून पुढं टेकवायचा. ट्रॅक्टरवाल्याला ती दिसतच नाहीत. म्हणून मी गावात सांगते, टिटवी जिथं ओरडते तिथं चालकाच्या आधी एकानं चालत जा, चार दगड भोवती ठेवा. हातभर जागा सोडावी लागते, तीही महिनाभर. हे कुणी नाकारलेलं मला आठवत नाही.

श्रावणात खुरपणी चालू असते तेव्हा एक वेगळीच अडचण येते. बायका ओळीनं सोयाबीनमधून पुढं सरकतात आणि कुणाच्या तरी खुरप्यापुढं पाडस निघतं. कान पाठीला चिकटलेले, डोळे उघडे, हालचाल शून्य. श्वाससुद्धा जपून घेतल्यासारखा. आई दिसत नाही, पाडस पळत नाही, मग सगळ्यांना वाटतं की माय मेली. एक मावशी असंच पाडस पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली होती. नातवाच्या बाटलीनं त्याला गाईचं दूध पाजलं होतं. मी पोचले तेव्हा त्याला हगवण लागली होती. मावशीचा जीव कळवळत होता आणि मी तिला सांगत होते, की तुझ्या मायेनं ते मरेल.

खरी गोष्ट अशी, की हरणी जन्मलेल्या पाडसाला पहिले काही दिवस गवतात किंवा पिकात दडवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. दोघं जवळ असली तर लांडग्या-कोल्ह्याला वास लागेल. ती दिवसातून मोजक्या वेळा येते, दूध पाजते, परत जाते. पाडसाचं न हलणं हीच त्याची राखण. त्या संध्याकाळी आम्ही पाडस त्याच ओळीत, खुरप्याची खूण बघून ठेवलं. मावशी, तिची सून आणि मी लांब आंब्याखाली बसलो. अंधार पडायला आला तरी काही नाही. मावशीचं पुटपुटणं सुरू झालं. मग तुरीच्या कडेनं एक मादी आली, चार पावलं टाकायची, थांबायची, मान वर करायची. ती नेमकी त्या ओळीशी आली आणि पिकात मान खाली घातली. सोयाबीन नुसतं हललं. मावशीनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. आता त्या गावच्या खुरपणीच्या टोळीत पाडस दिसलं, की ती मावशीच सगळ्यांना दुसऱ्या ओळीला लावते. मला फोनसुद्धा येत नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत असंच रानमांजराच्या पिलांचं होतं. फडात ठिपक्या-पट्ट्यांची पिलं निघाली, की गावात बिबट्याची आरोळी उठते, तोड थांबते, व्हिडिओ फिरतात. पिलं रात्री तिथंच टोपलीत ठेवली की आई एकेक उचलून नेते. हे सांगायला जावं लागतं एवढंच.

नुकसानीचा पंचनामा हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. कोवळं सोयाबीन काळविटांचा कळप एका रात्रीत शेंड्यावरून खुडून नेतो. रोही तुरीत शिरले तर खातात त्याच्या दुप्पट मोडतात. रानडुकरांनी उसात किंवा भुईमुगात एक रात्र काढली तर रानच उकरून ठेवतात. भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी आम्ही, कृषी सहायक आणि तलाठी अशा तिघांनी मिळून जागेवर जायचं असतं. तिघांची वेळ जमेपर्यंत पाऊस पडून खुरांच्या खुणा पुसलेल्या असतात. शेतकरी म्हणतो, काल आला असतात तर दिसलं असतं. त्याचं बरोबर असतं. म्हणून मी फोन आला की त्याच दिवशी एकटी का होईना जाऊन येते, खुणांवर काडेपेटी ठेवून फोटो घेते, मोजमाप लिहून ठेवते. पुढं कागद वर अडकून पडला, तरी आपल्या शेतात कुणीतरी येऊन खाली वाकून बघितलं, हे शेतकरी लक्षात ठेवतो. जो पंचनाम्याला वेळेवर जात नाही त्यानं गावात जाऊन हरणं वाचवा म्हणून भाषण करू नये, असं माझं ठाम मत आहे.

थंडीत भोरड्यांचे थवे येतात. माझ्या लहानपणी हुरड्याच्या दिवसांत आम्ही भावंडं माळ्यावर चढून गोफणीनं त्या हाकायचो. आता रब्बी ज्वारी घटली, गोफण पोरांना माहीत नाही. ज्वारीबरोबर करडईही गेली. करडईचा पट्टा पिकाच्या कडेनं पेरायचे, काट्यांमुळं जनावर आत शिरायला कचरायचं. तो जिवंत कुंपणाचा एक सोपा, बिनखर्ची उपाय होता. मी जिथं जाते तिथं करडईचं नाव काढते. दोन-चार जणांनी पुन्हा कडेला पेरलीही. हरभऱ्यात अधूनमधून ज्वारीचे दाणे टाकायची जुनी पद्धतही सांगते. ताटं वर आली की कोतवाल, साळुंक्या त्यावर बसतात आणि घाटे अळी वेचतात. पाखराला बसायला जागा दिली की ते कामाला लागतं.

आणि येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पांडवांचे दगड, भज्जी, आंबील, उंडे. संध्याकाळी पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फेरी मारतात. लहानपणी मीही त्याच्यामागं धावलेय. त्या दिवशी एरवी निर्मनुष्य असणारं शिवार माणसांनी गजबजतं आणि कळप बिचकून रस्त्यांकडं येतात. म्हणून येळवशीला मला सुट्टी नसते. मी मोटारसायकलवर शिवारं फिरते, कुत्री मोकळी सोडू नका म्हणते, आणि प्रत्येक कोपीपुढं थांबून आंबील पिते. नाही म्हणता येत नाही.

येळवशीनंतर हरभरा भरात येतो आणि जागली सुरू होतात. कडाक्याच्या थंडीत रात्रभर पिकात बसून राहायचं, शेकोटी, बॅटरी, डबा वाजवणं. ज्यांच्या घरी जागलीला माणूस उरला नाही, त्यातले काही जण तारेत थेट वीज सोडतात. सौर झटक्याचं यंत्र वेगळं. त्याचा धक्का बसतो, जनावर मागं फिरतं, मरत नाही. थेट विजेला मात्र जो शिवेल तो मेला, माणूससुद्धा.

एका माघाच्या पहाटे मला अशाच एका शेतकऱ्यानं स्वतः बोलावलं. तारेशी तीन काळविटं पडली होती, त्यांतला नर पूर्ण काळा, शिंगांना चार पीळ. जरा पुढं एक कोल्हा, बहुतेक त्या हरणांच्या वासानं आलेला. शेतकरी बांधावर डोकं धरून बसला होता. दोन एकर जमीन, डोक्यावर कर्ज. "मला वाटलं, घाबरून जातील," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मला गुन्हा नोंदवावाच लागला. पंचनामा लिहिताना ओळी वाकड्या येत होत्या. नंतर त्याच गावातल्या आठ जणांनी मिळून झटक्याची यंत्रं घेतली, जागलीच्या पाळ्या लावल्या. त्या माणसाला मी अजून भेटते. तो मला चहा देतो, त्या विषयावर दोघंही बोलत नाही.

2024 च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. पट्ट्यांवरून कळलं, की तो यवतमाळमधल्या टिपेश्वरचा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. येडशीचं अभयारण्य सगळं मिळून बावीस चौरस किलोमीटरचं. आधी 2019 सालीही टिपेश्वरचाच एक कॉलर लावलेला तरुण वाघ तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीच्या अंगानं थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला होता. दिवसा नाल्यात, उसात दडायचा, रात्री चालायचा. येडशीच्या वाघाची बातमी आली तेव्हा मी भिंतीवरच्या नकाशापुढं बराच वेळ उभी राहिले. टिपेश्वर ते येडशी, मधे सगळा आमचा मुलूख. ज्या बांधांबद्दल, ओढ्यांबद्दल मी दहा वर्षं लोकांच्या मागं लागलेय, त्यांच्याच आडोशानं तो आला असणार. लपायला दुसरी जागा त्या मुलखात नाहीच.

त्या थंडीत सगळ्यांना सगळीकडं वाघ दिसला. दिवसाला पाच-सहा फोन. औशाकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा एक फोन वेगळा होता. "मॅडम, पंजा हाय. मी झाकून ठेवलाय, कुणाला पाय देऊ दिला न्हाय." गेले तर हरभऱ्याच्या ओल्या सरीत एक लोखंडी घमेलं पालथं घातलेलं आणि त्यावर दगड. त्याचा धाकटा भाऊ राखणीला बसलेला. त्यानं घमेलं अलगद उचललं.

ठसा सुरेख उमटला होता. चार बोटं, मागं गादी, आणि प्रत्येक बोटापुढं नखाची बारीक टोच. वाघ-बिबट्या चालताना नखं आत घेतात. मागचा ठसा बघितला, पुढच्यापेक्षा लहान. "तरस आहे," मी म्हटलं. "पुढचे पाय मोठे, मागचे लहान. नखं बघ."

"वाघ न्हाय?"

"नाही."

तो दोन्ही ठशांजवळ उकिडवा बसला, बोटानं न शिवता नखांच्या टोचा मोजल्या. मग ओढ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजी तिकडच्या कपारीत असंल. मागल्या साली आमची म्हस मेली, ती वड्यात टाकलेली, हाडंसुदिक राहिली न्हाईत."

"तेच. मेलेलं खातं. मेंढरं रात्री उघड्यावर ठेवू नका, बाकी काही करायचं नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तिकडंच," तो म्हणाला. "कपारीकडची बाभळ तोडणार होतो औंदा. ऱ्हाऊ देतो."

वीज यायची वेळ झाली होती. भावाला त्यानं मोटार चालू करायला पाठवलं, घमेलं खांद्यावर टाकलं, ठशांची सरी तेवढी सोडून पलीकडच्या सरीत दारं धरायला उतरला.